भिंतीला भोक न पाडता

४ फेब्रुवारी

आज मावशींचा पाय वायरीत अडकला. वाफेची इस्त्री टेबलावरून निम्मी बाहेर आली. त्यांनी कोपराने अडवली म्हणून बरं, नाहीतर पायावरच पडत होती.

मावशी माझ्याकडे पडद्यांना इस्त्री करतात. वयाने आईपेक्षा लहान, जिभेने कुणापेक्षाही नाही. तोल सावरून म्हणाल्या, "ताई, या वायरी म्हणजे माझी सासू. जिथे जावं तिथे पायात."

खरंच आहे. पडदे शिवायचं काम सुरू केलं तेव्हा एक मशीन होतं आणि खोलीत एकच बोर्ड. आता मशीन वाढली, इस्त्री आली, दिवे आले, आणि सगळं त्या एकाच बोर्डातून ओढलेलं. जमिनीवर वायरींचा गुंता आणि त्यावर झाकायला टाकलेली पायपुसणी. शिवणाऱ्या दोघी आता नाचल्यासारख्या चालतात.

ही खालची मागची खोली. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "खालची खोली बिट्टीची." बिट्टी म्हणजे मी, चाळिशी उलटली तरी. पुढच्या वर्षी बाबा गेले आणि घर आईच्या नावावर झालं. वर आई, दादा आणि वहिनी राहतात. खाली मी आणि माझे पडदे. परत आलेल्या बहिणीला भाऊ काय काय ऐकवतात ते मी मैत्रिणींकडून ऐकते. दादाने आजवर एक शब्द वाकडा काढलेला नाही. वहिनीचं मात्र तोंड कधी उघडतं आणि कधी मिटतं, कळत नाही.

फिटरला निरोप दिला आहे.

६ फेब्रुवारी

फिटर आला. मनुष्य गोड आहे, काहीही सांगा, "हो हो" म्हणतो. मावशींनी चहा व्हायच्या आत त्याचं नाव ठेवलं, हो-हो.

तीन रस्ते आहेत म्हणाला. भिंतीत झिरी मारून वायरी आतून न्यायच्या. ते नको, खोलीत कोरं कापड पसरलेलं असतं, धूळ झाली तर मेलेच. दुसरा, प्लास्टिकचं केसिंग. म्हणजे लांब पोकळ पट्टी, स्क्रूने भिंतीवर बसवायची, आत वायरी घालायच्या आणि वरून झाकण दाबायचं. तिसरा, तसंच पण पत्र्याचं. ते कारखान्यात वापरतात. "तुमच्याकडे कशाला एवढं?" म्हणाला.

पिशवीतून तुकडे काढून त्याने टेबलावर मांडले. मला आधी सगळ्यात अरुंद पट्टी आवडली. उशीच्या कडेला पायपिंग लावावं तशी नाजूक. तो "हो हो, हीच घ्या" म्हणाला. मग इस्त्रीची वायर आत घालून बघितली तर झाकणच बसेना. मावशी म्हणाल्या, "तंग झंपरासारखं झालं हे. शिवणीत माया ठेवतो ना आपण? यातही ठेवा."

मी रुंद पट्टी ठरवली. सगळ्या वायरी घातल्यावरही अर्धी रिकामी राहील अशी. पुढे आणखी दोन मशीन घ्यायची आहेत, त्यांच्या वायरींना जागा हवी.

दादा कामावरून येताना डोकावला. "एवढी रुंद कशाला?"

"उद्यासाठी."

तो तुकडा हातात फिरवत उभा राहिला. किती थकलेला दिसतो हल्ली.

७ फेब्रुवारी

दादा सकाळी मुद्दाम खाली आला. म्हणाला, "बिट्टी, एक ऐक. भिंतीला भोक पाडू नकोस."

"मग पट्टी राहणार कशी?"

"डबल टेप मिळतो. चिकटवायची. या भिंतीला दरवर्षी बाबा स्वतः रंग द्यायचे, तुला आठवतं ना? तिच्यात स्क्रू घुसवलेले मला बघवणार नाहीत."

दिवाणावर चढून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ब्रश मारणारे बाबा डोळ्यांसमोर आले. मी समजत होते की त्यांची आठवण फक्त मलाच येते. दादा बोलत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असं धरून चालले होते मी. बायकाच तेवढ्या हळव्या, हा आमचाच गर्व.

टेपवर करायचं ठरलं. फिटर म्हणाला, "हो हो, धरेल की."

१० फेब्रुवारी

पट्टी लागली!

काम बघण्यासारखं होतं. कोपऱ्यात दोन पट्ट्या मिळतात तिथे दोन्हींची टोकं तिरकी कापायची, म्हणजे जोड दिसत नाही. आम्ही पडद्याच्या कोपऱ्याची दुमड घालतो तशीच. चिकटवण्याआधी फिटरने भिंत ओल्या फडक्याने पुसली. फडकं पुसता पुसता पिस्ता रंगाचं झालं. पुन्हा पुसली, पुन्हा रंग आला. "जुनं डिस्टेंपर आहे," म्हणाला आणि तिसऱ्यांदा पुसायचा कंटाळा केला.

खिडकीवरून गेलेली पट्टी इस्त्रीच्या टेबलाच्या वरून आडवी जाते आणि पुढे मशीनकडे उतरते. झाकण टक टक टक बसत गेलं. जमीन मोकळी झाली. मावशींनी मुद्दाम पाय आपटत एक फेरी मारली. "सासू वर गेली," म्हणाल्या.

संध्याकाळी दादा बघायला आला. पट्टीच्या टोकाखाली नख घालून म्हणाला, "छान. काढायचं म्हटलं तर सहज निघेलही."

"काढायचं कशाला?"

"असंच बोललो गं."

१७ फेब्रुवारी

एका नव्या लॉजचं काम मिळालं. सगळ्या खोल्यांचे पडदे. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. मार्चच्या मध्यावर द्यायचे.

दुपारी दादाबरोबर दोन माणसं आली. एकाने अंगणाच्या भिंतीपासून माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत मोजायची टेप धरली, दुसऱ्याने मोबाईलवर फोटो काढले. त्याने विचारलं, "हे काय चालतं इथे?" दादा म्हणाला, "ते तात्पुरतं आहे."

ते शब्द लागले मला. नंतर विचार केला तेव्हा उलगडा झाला. वरच्या मोरीची गळती बघायला आलेली ती माणसं, दादानेच सांगितलं. परक्यांपुढे कारखाना चालतो म्हटलं की गोष्ट पसरते आणि उद्या वीजवाले धंद्याचं मीटर घ्या म्हणून दारात. दादाला पुढचं दिसतं. मला नाही सुचलं.

मावशी मात्र इस्त्री फिरवता फिरवता म्हणाल्या, "गळती वर आणि टेप खाली. पाणी फार लांबचा प्रवास करतं वाटतं तुमच्याकडे." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

२२ फेब्रुवारी

वहिनी खाली आली. कधी येत नाही. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी.

"लॉजचं काम घेतलंत म्हणे."

"हो."

"कापड सगळं आणून टाकलंत? निम्मंच आणायचं होतं. पुढचं बघून."

"पुढचं काय बघायचं?"

ती पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "स्क्रू का नाही मारू दिले, ते विचारलंत का तुम्ही यांना?"

मी सरळ सांगितलं, "त्याचं कारण बाबा आहेत. तुला नाही कळायचं ते."

तिचा चेहरा पडला. "बरं," म्हणाली आणि गेली. बोलले त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. माझी चार कामं वाढली की हिला का खुपतं? मूल नाही, नोकरी सोडली, दिवसभर वर बसून काय करणार, खालच्या मशीनची धडधड ऐकायची. मला तिची कीवही येते. पण कीव आली म्हणून काही कोणी माझा दिवस नासवायचा नाही.

२ मार्च

उन्हं तापायला लागली. खिडकीवरची पट्टी एका टोकाला सुटली. बोट जाईल एवढी फट. झाकणावर हात ठेवला तर आतून घाम आल्यासारखं ओलसर. इस्त्रीची वाफ सरळ वर जाते आणि तिथेच बसते. टेप उलटून बघितला, त्याच्या पाठीवर पिस्ता रंगाचा पापुद्रा. टेपने पट्टी सोडली नव्हती, भिंतीने रंग सोडला होता.

पट्टी परत दाबली, टेप लावला. फिटरला फोन केला. म्हणाला, "हो हो, येतो. जरा दादांच्या कामात आहे."

"कुठलं काम?"

"ते... मीटरचं वगैरे. ते सांगतील."

रात्री जेवताना दादाला विचारलं, निदान इस्त्रीच्या वर चार स्क्रू मारू का. तो भात कालवत म्हणाला, "एकदा बोललोय ना बिट्टी." आई ताटाकडे बघत होती. वहिनी वाढता वाढता थांबली, पण पळी काही खाली ठेवली नाही.

३ मार्च

आई खाली आली होती. जिना उतरताना गुडघे धरते म्हणून हल्ली टाळते. मशीनजवळच्या खुर्चीवर बसली, पडद्याचा काठ हातात घेऊन टाके बघितले. तिनेच शिकवलेले टाके.

मग पट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "किती टिकतं गं हे?"

"नीट बसवलं तर जन्मभर, असं फिटर म्हणतो."

तिने हात काढून घेतला. "दमू नकोस फार," म्हणाली आणि उठली. तिला वर नेऊन सोडलं. आई अशीच आहे, मायेचं बोलायचं झालं की उठून जाते.

९ मार्च

मावशींचा हात भाजला.

काल दुपारी इस्त्रीच्या वरची पट्टी, पूर्ण लांबीची, एकदम सुटली. पडताना झाकण उघडलं आणि वायरी आतड्यांसारख्या टेबलावर आल्या. मावशींच्या हातात तापलेली इस्त्री. पट्टी चुकवायला त्यांनी हात मागे घेतला आणि इस्त्री वायरींवर टेकली. प्लास्टिक वितळल्याचा वास, मग फट्कन आवाज, निळा जाळ. मेन पडला. मावशींच्या बाहीने पेट घेतला होता. शिवणाऱ्या दोघींतल्या धाकटीने पडद्याचं कापड टाकून विझवला.

मावशींना दवाखान्यात नेलं. मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज. दादा आला. डॉक्टरांशी बोलला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तरी मला भीती वाटतच होती. घरात असले उद्योग चालत नाहीत, बिट्टी. उद्या घर पेटलं असतं. आता हे बंद करू या."

मावशी समोरच्या बाकावर होत्या. त्यांना त्याने कसं वाटतंय एवढंही विचारलं नाही. घाबरला असेल.

११ मार्च

मावशींना घरी जाऊन भेटले. उपचाराचं सगळं मी बघते म्हटलं. "ते तुम्ही बघालच," म्हणाल्या. "बाकीचं कधी बघणार?"

"बाकीचं म्हणजे?"

"ताई, चटका मला बसला. जाग तुम्हाला यायला हवी होती." आणि कूस बदलली.

परत येताना ठरवलं, बंद करायचं नाही. पत्र्याचं केसिंग घ्यायचं आणि भिंतीत स्क्रूने घट्ट आवळायचं. दादाला समजावता येईल. बाबांनाही आवडलं नसतं कुणाचा हात भाजलेला.

फिटरला त्याच्या दुकानात गाठलं. तो आधी "हो हो" म्हणाला. मग मान खाजवायला लागला.

"ताई, एवढा खटाटोप करून काय उपयोग? मे महिन्यात तर पाडायचंय."

"काय पाडायचंय?"

"घर. बिल्डरला दिलंय ना. दादांनीच तर मला आधी सांगितलं, टेपवरच कर, फार खर्च करू देऊ नकोस तिला, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे." माझ्या चेहऱ्याकडे बघून तो घाबरला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

दुकानाच्या पायरीवर बसले. तो म्हणाला, पाणी आणू का? मी म्हटलं, हो हो.

१२ मार्च

आईला विचारलं. दादा घरात नव्हता. ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली.

"जानेवारीत सही केली मी," म्हणाली. "नव्या इमारतीत दोन खोल्यांचं घर मिळतंय. तू कुठे रस्त्यावर पडणार आहेस? माझ्या खोलीत राहशील."

"आणि माझं काम?"

"काम काय, कुठेही होतं."

"मला सांगितलं का नाही?"

"मीच म्हटलं त्याला, एवढ्यात सांगू नकोस. तुझं मन रमलं होतं. किती दिवसांनी हसताना बघत होते तुला. म्हटलं, दोन महिने तरी सुखाचे जाऊ देत."

दादाने फसवलं हे गिळता येईल, पुरुषासारखा हिशेबी वागला म्हणेन. पण मी मोडणार हे ठाऊक असताना आई माझ्या हसण्याकडे बघत बसली होती. शिजायला टाकायच्या आधी कोंबडीला दाणे घालतात, त्यालाही मायाच म्हणत असतील.

१५ मार्च

पत्र्याचं केसिंग आणलं. दुसऱ्या भागातला एक फिटर पकडला, ज्याला दादा ओळखत नाही. ड्रिल भिंतीत शिरलं तेव्हा वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रंगाचा, मग गिलाव्याचा, मग विटेचा भुगा खाली पडत राहिला.

दादा धावतच आला. "वेड लागलंय का तुला? पाडायच्या घराला कोण स्क्रू मारतं?"

"ही खोली माझी आहे. बाबांनी दिली आहे."

"दिली म्हणजे? कागद आहे?"

"बाबांचा शब्द आहे."

"कुणासमोर दिला? बोलाव त्यांना."

आई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "आई, बाबा म्हणाले होते की नाही?"

फिटरने ड्रिल बंद केलं. आईने पदर सावरला. ती म्हणाली, "त्यांचं दुखणं चालू होतं. बोलले असतील काहीतरी. मला नाही आठवत."

दादाने माझ्याकडे बघितलंही नाही. फिटरला म्हणाला, "सामान आवर."

"मला आठवतं."

वहिनी. आईच्या मागे, कठड्याला धरून. आवाज चढवलेला नव्हता, एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसा.

"शेवटच्या आठवड्यात. मी औषध द्यायला आले होते. ते म्हणाले, खालची खोली बिट्टीची, तिला कुणी हलवायचं नाही. आणि तुम्ही त्यांचा हात धरून 'हो बाबा' म्हणालात." ती दादाकडेच बघत होती.

तिला कुणी हलवायचं नाही. हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मी तेव्हा खाली होते.

दादाने खालचा भुगा पायाने बाजूला सारला. मग अगदी हळू म्हणाला, "तू वर चल."

वहिनी वर गेली. आई तिच्या मागून गेली. दादा शेवटी गेला आणि दार लावून घेतलं. फिटर म्हणाला, "चालू ठेवू का?" मी ठेव म्हटलं. ड्रिलच्या आवाजात वरचं काही ऐकू येत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

१९ मार्च

वहिनी माहेरी गेली. परवा सकाळी रिक्षात बसताना मी खिडकीतून बघितली. बॅग मोठी होती. आई म्हणते, "झालं समाधान? घर फोडलंस." घर पाडायला दिलं त्यांनी, फोडलं मी.

केसिंग पूर्ण झालं. पत्रा सरळ बसला आहे, झाकण कुठे हलत नाही. नव्या वायरी आत ऐसपैस पडल्या आहेत.

काल हो-हो आला आणि जिन्याखालच्या मीटरपाशी काहीतरी केलं. खाली वीज नाही. "दादांनी सांगितलं," म्हणाला. या वेळी हो हो म्हणाला नाही, एवढी लाज त्याच्यातही आहे.

वीज कार्यालयात गेले. वेगळं मीटर मिळेल, पण घरमालकाची संमती हवी. घरमालक म्हणजे आई. वर गेले. भर दुपारी सगळे दिवे लागलेले, पंखा गरगरत होता.

"आई, तू फक्त हो म्हण."

"तो आला की विचारते."

"घर तुझं आहे."

तिने उठून पंखा बंद केला. मग म्हणाली, "माझं कुठलं गं? मला त्याच्याकडेच म्हातारपण काढायचंय. तू मला ठेवून घेशील? कुठे?"

तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि मी तो हात झटकला.

खाली येऊन खिडकीपाशी बसले, उजेड होता तोवर हाताने दुमड घातली. लॉजवाल्याने काम काढून घ्यायची भाषा केली आहे. मावशींनी धाकटीकडून निरोप पाठवला, आता येणार नाही म्हणून.

मग वहिनीला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिने उचलला, पण तीही बोलेना. पलीकडे कुणाचं तरी घर होतं, भांड्यांचा आवाज, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

शेवटी तीच म्हणाली, "मशीन बंद आहेत का? मागे काही आवाज येत नाही."